काका, तुमच्या भिंगाला नमस्कार

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आपलं वापरलेलं सीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट काढणारं मशीन, तुम्ही पारखून घेऊन दिलंत, त्याचे हे आभार.

काल रात्री साडेदहाला फोन आला, पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांचं नाव चुकलंय. पूर्वी असा फोन म्हणजे पोटात गोळा. प्लेट काढायला कोल्हापूरला फाईल पाठवा, सकाळच्या एसटीत पार्सल टाकायला सांगा, गडहिंग्लज स्टँडवर पोरगा उभा करा. काल मी खाली उतरले, नाव दुरुस्त केलं, काळ्या शाईची एक प्लेट काढली. सकाळी सातला जीटीओ, आपलं छपाईचं ऑफसेट मशीन, सुरू.

सीटीपी घ्यायला भिवंडीच्या गोदामात मी चेकबुक घेऊनच गेले होते, आठवतं? मशीन चकचकीत पुसलेलं, किंमत खिशाला परवडणारी, वर ताशी वीस प्लेटचं कौतुक. आमच्या दिवसाला बारा होत नाहीत. तुम्ही मशीनकडे बघितलंच नाही. विचारलंत, "प्लेट कुठली घालणार?" ते व्हायोलेट होतं, ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेसरवालं. त्याला पिवळ्या दिव्याची खोली हवी, आणि त्या प्लेटा देणारे दिवसेंदिवस कमी होत चाललेत. थर्मल म्हणजे ८३० नॅनोमीटरच्या लेसरच्या उष्णतेने उमटवणारं, त्याची प्लेट नेहमीच्या उजेडात हाताळता येते आणि तळोज्याच्या टेक्नोव्हापासून चिनी मालापर्यंत निवड आहे. मग विचारलंत, "रिपचं डोंगल कुठाय?" रिप म्हणजे पानाचे प्लेटसाठी ठिपके करणारं सॉफ्टवेअर, डोंगल ही त्याची किल्ली, तिच्याशिवाय ते चालत नाही. गोदामवाला म्हणाला, नंतर देऊ. तुम्ही चप्पल घालायला लागलात.

पुण्यातल्या प्रेसमधलं थर्मल बघायला निघालो तेव्हा तुमचा हुकूम होता, आपल्या जीटीओच्या कोऱ्या थर्मल प्लेटा सोबत आण. एसटीत मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या, कोपरा दुमडू नये म्हणून रात्रभर झोपले नाही. विकणारे मोठ्या प्लेटेवर झोकात दाखवतात, लहान प्लेट मशीनच्या आतल्या ड्रमवर नीट धरते की नाही ते घरी गेल्यावर कळतं, हे मला कोण सांगणार होतं!

तिथे तुम्ही नमुन्याला प्लेटवर रंगीत फोटो काढू दिला नाहीत. पूर्ण प्लेटभर ५० टक्क्यांची सपाट टिंट, म्हणजे सगळीकडे सारखी फिकी छटा. प्लेट धुणाऱ्या प्रोसेसरमधून ओली बाहेर आली, वर लावलेला गम वाळेपर्यंत थांबलात, खिडकीशी नेऊन तिरपी धरलीत. मला काहीच दिसेना. मग भिंग ठेवलंत, नखाने जागा दाखवलीत: केसाएवढी फिकी रेघ. थोडं सरकवलं, पुन्हा तीच. तेवढ्याच अंतरावर पुन्हा. "बत्तीसातला एक लेसर डायोड दमलाय."

मला वाटलं, हेही गेलं. तुम्ही तर खूश झालात! लेसरचं हेड अख्खं बाद नाही, एक डायोड बदलता येतो, त्याचा खर्च किमतीतून कापून घे. एकच पान चार प्लेटांवर काढून रजिस्टरच्या, म्हणजे रंग एकावर एक बसवायच्या, खुणा ताडून पाहिल्या, त्या जुळल्या. मग घासाघीस मलाच करायला लावलीत आणि स्वतः चहा प्यायला गेलात. त्याबद्दल वेगळे आभार, थोडे रागाचे.

हेडला लॉक लावल्याशिवाय टेम्पोत चढवायचं नाही, हे तुम्ही ड्रायव्हरला तीनदा सांगितलंत. ते पाळलं. मशीनच्या खोलीला एसी लावायचं मात्र मी ऐकलं नाही. एप्रिलच्या उन्हात मशीन तापून एरर देऊन बसलं, ऐन लग्नसराईत, आणि चार दिवस पुन्हा एसटीचं पार्सल. तेव्हा तुम्हाला फोन करायची लाज वाटली. आता सांगून टाकते.

ती रेघेची प्लेट प्रोसेसरच्या वर भिंतीला लावलीय, शेजारी नवा डायोड बसवल्यावरची. परवा पुन्हा टिंट काढली. डाव्या कडेला काहीतरी फिकं वाटतंय, बाबा म्हणतात प्लेट धुण्याचा डेव्हलपर जुना झालाय, मला ठरवता येईना. प्लेट जपून ठेवलीय. गणपतीला याल तेव्हा भिंग आणा.

तुमची,
प्रेसवाली पुतणी