'देवाने सांगितले' असे म्हणण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात एका वाचकाने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्यांचे म्हणणे असे की, त्यांचे ख्रिस्ती शेजारी मुलाचा प्रवेश, मुलीचे स्थळ, घराचा सौदा अशा प्रत्येक बाबतीत 'देवाने मला सांगितले' असे सहज बोलून जातात. तेव्हा हा आवाज कानांनी ऐकू येतो का, आणि तो देवाचाच आहे, स्वतःच्या मनाचा नाही, हे त्यांना कळते कसे? प्रश्नात थोडी टिंगल होती, पण प्रश्न रास्त होता. मी बेळगावच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अनेक वर्षे संडेस्कूल घेतो, आणि हाच प्रश्न आम्ही ख्रिस्ती लोक आपापसांत पुरेसा विचारत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

कानांचे म्हणाल, तर मला आजवर एकदाही काही ऐकू आलेले नाही. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना एखाद्या ओळीपाशी पाय अडखळल्यासारखे होते, प्रार्थनेत भलताच एक चेहरा आठवतो आणि त्याचे आपण काय देणे लागतो तेही आठवते, कोणाचे तरी साधे बोलणे दिवसभर टोचत राहते. आमच्यापैकी बहुतेकांचा अनुभव एवढाच असतो. याला कोणी सद्सद्विवेक म्हणेल, कोणी आतला आवाज म्हणेल. १९२४ साली याच बेळगावात काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या गांधीजींनी १९३३ मधल्या एकवीस दिवसांच्या उपवासाआधी आपण असा आवाज ऐकल्याचे जाहीरपणे लिहिले, तेव्हा हा भास कशावरून नव्हे, असे त्यांनाही विचारले गेलेच होते. म्हणजे हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही.

माझी नोकरी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत गेली, त्यातली बरीच वर्षे कास्टिंग तपासण्यात. मोल्ड फोडून, वाळू झाडून निघालेला नग आकड्याला टांगायचा आणि छोट्या हातोडीने त्याला एक टोला द्यायचा, हे काम बाहेरून फार सोपे दिसते. चांगल्या एसजी, म्हणजे कमी ठिसूळ, ओतीव लोखंडाचा नग घंटेसारखा वाजतो आणि नाद थोडा वेळ हवेत राहतो. साध्या ग्रे लोखंडाचा आवाज लवकर विझतो. आणि आत तडा असला की बद्द असा एक आवाज येतो, जो एकदा ओळखीचा झाला की झोपेतही चुकत नाही. पण तो ओळखीचा होईपर्यंत मी किती चांगला माल नाकारला आणि किती खोटा माल पुढे सोडला, त्याचा हिशेब मिस्त्रींनी ठेवला असता तर मी तेव्हाच घरी बसलो असतो. त्यांनी मला पहिले काही महिने तडा गेलेला नग दाखवलाच नाही. "आधी चांगलाच वाजवत ऱ्हा, कान तयार हुंदे," एवढेच ते म्हणत. आणि कान तयार झाल्यावरही त्यांची ताकीद होती की ग्राइंडरच्या गोंगाटात निकाल द्यायचा नाही, नग भिंतीकडे नेऊन वाजवायचा, आणि तरीही मन साशंक असेल तर कानाचा मान बाजूला ठेवून तडा दाखवणारा रंग लावून तपासायला पाठवायचा.

देवाची वाणी ओळखणे या विषयावर मी जे उपदेश ऐकले, त्यांतल्या बऱ्याच उपदेशांपेक्षा त्या मिस्त्रींनी मला अधिक शिकवले, असे मी आज म्हणू शकतो. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते, आणि असल्या विषयावर आपण काही शिकवतो आहोत याची त्यांना कल्पनाही नसावी.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी फंडाचे पैसे हातात होते आणि खानापूर रस्त्याच्या बाजूला एक प्लॉट स्वस्तात मिळत होता. मी तीन दिवस प्रार्थना केली आणि चौथ्या दिवशी पहाटे, आमच्यात काही जणांना असते तशी सवय मलाही असल्यामुळे, डोळे मिटून शास्त्र उघडले आणि पानावर बोट ठेवले. बोटाखाली यहोशवा या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले ते वचन आले, ज्यात परमेश्वर म्हणतो की जिथे जिथे तुमचे पाऊल पडेल ती भूमी मी तुम्हांला दिली आहे. याहून स्पष्ट काय हवे होते? घरात सांगितले, तेव्हा हिने भाकरी थापता थापता मान वर न करता विचारले, "अहो, उताऱ्यावर तिघा भावांची नावं हाईत की, आणि सही एकट्याचीच घेताय व्हय?" मला त्या बोलण्यात अविश्वासाचा वास आला, आणि तसे मी तिला बोलूनही दाखवले. इसार दिला, पुढच्या रविवारी मंडळीत उभे राहून 'देवाने हा प्लॉट दिला' अशी साक्ष दिली, लोकांनी आमेन म्हटले.

दोन भावांनी दावा लावला. पुढची काही वर्षे मी कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या गाड्यावर जितका वेळ घालवला तितका उपासनेतही घालवला नसेल, आणि पैसे शेवटी बुडाले ते बुडालेच. मंडळीत कोणी मला त्या साक्षीची आठवण करून दिली नाही. हा त्यांचा मोठेपणा, पण एखाद्याने तरी तेव्हाच विचारायला हवे होते, असेही मला वाटत आले आहे.

नंतर शांत डोक्याने वाचले, तेव्हा दिसले की यहोशवाला मिळालेले ते अभिवचन यार्देन नदी ओलांडायला निघालेल्या एका राष्ट्रासाठी होते, माझ्या तीस बाय चाळीससाठी नव्हते. उलट त्याच शास्त्रात, यहोशवाच्या लगेच आधी येणाऱ्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, शेजाऱ्याच्या शेताची पूर्वापार खूण सरकवू नको, अशी सरळ आज्ञा माझ्यासारख्यासाठी लिहून ठेवलेली होती. (सीमाभागात राहणाऱ्याला खुणा सरकल्याचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको, त्या वादात मात्र मी या पत्रात शिरत नाही.) दोन भावांच्या हक्काकडे काणाडोळा करून मी जमीन घेत होतो. त्या सकाळी जे ऐकायचे होते ते तव्याशेजारून, आमच्या बेळगावी मराठीत, अगदी स्पष्ट सांगितले गेले होते. घरच्या माणसाचे प्रत्येक बोलणे देवाचे असते असे मला म्हणायचे नाही. हिलाही ते पटणार नाही. पण देवाचा आवाज ओळखीच्या आवाजासारखा नसणारच, ही जी माझी समजूत होती, ती त्या प्लॉटबरोबर गेली.

खरे तर ती समजूत आधीच जायला हवी होती, कारण संडेस्कूलमध्ये मी दरवर्षी जी गोष्ट शिकवतो तिच्यात नेमके हेच आहे. लहान शमुवेल मंदिरात झोपला आहे, कोणी तरी त्याला नावाने हाक मारते, आणि तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावत जातो. तीनदा! म्हणजे ती हाक ढगांच्या गडगडाटासारखी नव्हती. शेजारच्या खोलीतला म्हातारा हाक मारतो आहे असे वाटावे इतकी ती साधी होती. शमुवेलाला अद्याप परमेश्वराची ओळख झाली नव्हती, असे शास्त्रच सांगते. आणि ती हाक कोणाची हे अखेर ओळखले कोणी, तर ज्याची दृष्टी मंद झाली होती आणि ज्याला आपले मुलगे आवरले नव्हते त्या एलीने. ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, अशी ती रचना आहे. त्यातही जो निरोप आला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. सकाळी त्याने तो मुलाकडून वदवून घेतला आणि ऐकल्यावर, तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो, एवढेच म्हटले. आपल्या गैरसोयीचा निरोपही देवाचा असू शकतो, हे मान्य करणारा एली ज्याच्या शेजारी झोपतो त्या शमुवेलाला मी भाग्यवान समजतो.

हा 'दुसरा' माणूस आमच्या सध्याच्या प्रार्थनासभांतून नाहीसा होत चालला आहे, आणि माझ्या मते सगळी अडचण तिथे आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात प्रेषित पौलाला रात्री त्रोवस शहरात दृष्टान्त होतो की मासेदोनियाचा एक माणूस 'इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर' अशी विनंती करीत आहे. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण त्यावरून देवाने आपल्याला बोलावले आहे असे अनुमान 'आम्ही' केले, असे लिहिणारा लिहितो. पौलासारख्या माणसाने जिथे सोबत्यांबरोबर बसून विचार केला, तिथे आम्ही एका रात्रीत कोणत्या आधारावर निकाल देतो? आणि तो निकाल स्वतःपुरता असता तरी एक वेळ चालले असते. तुमच्या मुलीचे लग्न अमुक घरी व्हावे असे देवाने मला सांगितले, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा असे देवाने मला तुमच्यासाठी सांगितले, असे निरोप जेव्हा एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ लागतात, तेव्हा ते निरोप आणणाऱ्याला नम्रपणे दारातच थांबवावे आणि गोळ्या चालू ठेवाव्यात. जो देव तुमच्याबद्दल त्याच्याशी बोलतो, त्याला तुमचे घर सापडत नाही असे थोडेच आहे?

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथडिस्ट पंथाकडे आले, त्या परंपरेत मी वाढलो. या पंथाचे मूळ पुरुष जॉन वेस्ली यांच्याबद्दल एक गोष्ट आमच्यात फारशी सांगितली जात नाही. ते स्वतः शास्त्र मधेच उघडून वचन काढत असत, आणि १७३९ च्या मार्चमध्ये ब्रिस्टलला जावे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांच्या सोबत्यांनी चक्क चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तेव्हा बोट ठेवण्यात मी एकटा नव्हतो, एवढे समाधान मला आहे. पण त्याच वेस्लींनी पुढे आपल्या लोकांना बजावले की स्वप्ने, आवाज, मनातले उमाळे देवाकडून आले असे घाईने मानू नका. ते देवाकडून असतील, निसर्गतः असतील, सैतानाकडूनही असतील, म्हणून पारख करा. अनुभव घेतलेल्या माणसाची ती ताकीद आहे.

पारख करायची म्हणजे काय, याचे उत्तर मला सुगी सरल्यावर शिवारात मेंढरे बसतात तिथे दिसते. संध्याकाळी कळप चरून आला की वाघरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, कोकरे एकच कालवा करतात. मेंढी आपल्या कोकराच्या आवाजाच्या रोखाने येते, पण पाजण्याआधी त्याचा वास घेते आणि वास दुसरा निघाला तर ढकलून देते. माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात, असे प्रभू म्हणाला ते आम्ही भिंतीवर लावतो. मेंढरू भोळे असते एवढेच आम्ही त्यातून घेतो. ते वास घेतल्याशिवाय जवळ करत नाही, हे विसरतो.

रोजचे म्हणाल, तर ते फारच साधे आहे. पहाटे पुस्तक उघडायचे ते बोट ठेवायला नव्हे. काल जिथे थांबलो तिथून पुढे, आवडो न आवडो, वाचत जायचे. यालाच मी चांगला नग वाजवत राहणे म्हणतो. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक त्या भाकितावर विसंबून राहिले नाहीत. ते वाचत राहिले, स्वतःशी आणि इतरांशी झगडले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत शास्त्र आणण्यासाठी आपली अखेरची वर्षे वेचली, तीही साध्या बाईमाणसाला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे म्हणूनच. ज्याने ते वाचलेच नाही त्याने देवाचा आवाज ओळखल्याचा दावा करणे, हे एकही चांगला नग न वाजवता तपासनीस होण्यासारखे आहे.

आपल्या वाचकाला माझे उत्तर असे की, खात्री फार कमी वेळा होते, आणि झाली तरी बहुधा उशिरा होते. गेल्या रविवारी संडेस्कूलमध्ये एक नऊ-दहा वर्षांची मुलगी शमुवेलाचा तो अध्याय मोठ्याने वाचत होती. 'बोल, परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे,' असे म्हणायला एलीने सांगितले, आणि पुढच्याच ओळीत मुलगा म्हणाला, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' ती थांबली, बोट मागे नेऊन तिने ओळ पुन्हा वाचली, आणि म्हणाली, "सर, यानं 'परमेश्वरा' गाळलं की." इतकी वर्षे हा अध्याय शिकवूनही ते माझ्या लक्षात आले नव्हते. मी तिला विचारले, का गाळले असेल? ती म्हणाली, "त्याला अजून नक्की म्हाईत नसंल. पण ऐकतो तर म्हणाला."

आपला नम्र,
एक निवृत्त फौंड्री कामगार,
टिळकवाडी, बेळगाव