थंडीचं सोडा, आधी रात्रीचा प्लग बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, परदेशातल्या थंडीत इलेक्ट्रिक गाड्या कशा रस्त्यात बंद पडतात यावर, आणि शेवटी लिहिलं होतं की म्हणून तिकडचे शहाणे लोक गॅस कारच घेतात. माझ्या धाकट्या भावाने नाशिकहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि वर विचारलं, दादा, कॅनडात सगळे सीएनजीवर फिरतात का रे. तर आधी तेवढं सांगून टाकतो, इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात, सीएनजीचा काहीही संबंध नाही.

मी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅलगरीत राहतो, बरीच वर्षं झाली. मूळचा निफाडचा. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ वर आला की पेपरात मोठी बातमी येते आणि द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. इथे उणे १५ ला लोक "आज बरंय" म्हणत कुत्रं फिरवायला निघतात, आणि दर हिवाळ्यात काही दिवस तरी उणे ३० च्या आसपास जातातच. घरात दोन गाड्या आहेत, एक जुनी पेट्रोलची आणि एक २०२२ ला घेतलेली इलेक्ट्रिक, आणि दोन्ही मीच चालवतो, त्यामुळे मला कुठल्याच पार्टीचा झेंडा घ्यायचा नाहीये.

१३ जानेवारी २०२४ ची गोष्ट सांगतो. शनिवार संध्याकाळ, संक्रांत दोन दिवसांवर आलेली, बायकोने तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक ठेवलेला, आणि एकदम घरातले सगळे फोन एकाच वेळी बोंबलायला लागले. सरकारी अलर्ट. भयंकर थंडीमुळे विजेची मागणी इतकी वाढलीय की आळीपाळीने वीज घालवायची वेळ येईल, तेव्हा ताबडतोब वापर कमी करा. खाली यादी होती, त्यात स्टोव्हऐवजी मायक्रोवेव्ह वापरा असं होतं (इथे स्टोव्ह विजेवरचा, आणि पाक गोळीबंद व्हायच्या बेतात, त्यामुळे ही म्हणाली सरकारला सांग पाच मिनिटं थांबा), आणि त्याच यादीत एका ओळीत होतं की इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावणं आणि ब्लॉक हीटरचा प्लग लावणं थोडं पुढे ढकला. मी कोट घालून बाहेर गेलो आणि दोन्ही गाड्यांच्या वायरी काढून आलो. हो, दोन्ही. पेट्रोलच्या गाडीची पण. लोकांनी खरंच ऐकलं बरं का, काही मिनिटांत २०० मेगावॉट मागणी उतरली आणि वीज गेली नाही.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिन गरम ठेवायची विजेची कॉइल. इथल्या पेट्रोल गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक प्लग लोंबत असतो, नवीन आलेल्या माणसाला वाटतं गाडीची आतडी बाहेर आलीत. रात्री तो भिंतीत लावायचा, नाहीतर उणे ३० ला सकाळी इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं आणि साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीतला दम पण निम्म्यावर आलेला असतो. आमच्याच प्रांतातल्या एडमंटन शहरात ऑफिसांच्या पार्किंगमध्ये खांबाखांबावर सॉकेट दिसतात ते इलेक्ट्रिक गाड्या यायच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. म्हणजे थंडीत विजेवर अवलंबून राहणं ही काही नवीन भानगड नाही. पेट्रोलची गाडी थंडीत बंद पडली तर त्याची बातमी होत नाही एवढंच.

आता इलेक्ट्रिकची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जेवढं अंतर जाते ती, थंडीत पडते का? पडते की, चांगली दणकून पडते. कारण सोपं आहे, पेट्रोल इंजिन म्हणजे एक चालती शेगडी आहे जी जाता जाता गाडी पण ओढते, जाळलेल्या पेट्रोलमधला मोठा हिस्सा उष्णता म्हणून वायाच जातो, त्यातलीच थोडी आत सोडली की झाला हीटर, फुकटात. इलेक्ट्रिक मोटर इतकं काही वाया घालवत नाही म्हणून उन्हाळ्यात ती भारी, पण हिवाळ्यात तुमचे पाय गरम करायला तिला बॅटरीतूनच वीज काढावी लागते. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या होत्या, उणे ७ च्या आसपास हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के कमी झाली आणि हीटर लावला की ४१ टक्के. नवीन गाड्यांत हीट पंप असतो, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं यंत्र, त्याने थोडं वाचतं, पण कडाक्याच्या थंडीत तो पण हात टेकतो. माझी गाडी कागदावर ४०० किलोमीटर, उणे ३० ला हायवेवर समोरून वारा असेल तर २०० मिळाले की मी देवाला नमस्कार करतो. पेट्रोलचं ॲव्हरेज पण पडतं, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबाने त्याच उणे ७ ला शहरात १५ टक्के, पण टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून कोणाला टोचत नाही.

टोचतं कुठे ते मला रेड डियरला कळलं. मुलगी एडमंटनला शिकते, कॅलगरीपासून ३०० किलोमीटर, रेड डियर बरोबर मध्ये. डिसेंबरच्या सुट्टीला तिला घेऊन परत येत होतो, उणे २७, आणि मी इलेक्ट्रिक नेलेली कारण मला हौस. चार चार्जर, त्यातले दोन बंद, तिसऱ्याचा स्क्रीन गारठून काळा, चौथ्यावर आधीच कोणीतरी. कंपनीचं नाव लिहीत नाही. पाऊण तास उभे राहिलो, तोवर चालवून जी काही थोडी गरम झाली होती ती बॅटरी पण पार गार पडली, मग नंबर लागला तेव्हा केबल उसाच्या टिपरासारखी कडक, वाकेना, कशीबशी खुपसली तर जिथे एरवी १०० च्या वर किलोवॉट घेते तिथे गाडी २८ वर अडून बसली. दीड तास लागला. समोरच्या पंपावर पिकअपवाले येत होते, भरून जात होते. मुलगी शेवटी म्हणाली बाबा, पुढच्या वेळी ती पेट्रोलची म्हातारी आणा.

यात चूक चार्जरवाल्यांची होतीच, पण अर्धी माझी पण होती. गार बॅटरीत जोरात वीज ढकलली तर लिथियम आत नीट मुरत नाही, वरच साचतं, आणि मग बॅटरी कायमची खराब होते, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम हात आखडता घेतो. त्यावर उपाय असा की गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये चार्जरचा पत्ता टाकायचा, म्हणजे पोचायच्या आधीच ती बॅटरी गरम करत आणते. मला रस्ता पाठ, मी कशाला नॅव्हिगेशन लावतोय! त्याच जानेवारी २०२४ मध्ये शिकागोला चार्जिंग स्टेशनवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि गाड्या टो करून न्याव्या लागल्या ते जगभर दाखवलं, आपल्या वाचकाने तेच वाचलं असणार, तिथे पण बरंचसं हेच झालं होतं, गार बॅटरी, बिघडलेले चार्जर आणि लांब रांग. त्यात ज्यांच्याकडे घरी चार्जिंगची सोय नाही त्यांचे हाल जास्त, कारण त्यांना तिथे गेल्याशिवाय पर्यायच नव्हता.

आणि माझं म्हणणं हेच आहे. रोजच्या वापराला, उणे ३० ला सुद्धा, मला इलेक्ट्रिक जास्त आवडते. रात्रभर घरच्या २४० व्होल्टच्या चार्जरवर लावलेली असते, सकाळी सात वाजता अंथरुणातूनच फोनवर बटण दाबायचं, खाली जाईपर्यंत काचेवरचा बर्फ सुटलेला आणि सीट गरम, आणि ही सगळी ऊब भिंतीतल्या विजेवर, बॅटरीला हात न लावता. तेच साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर लावून बघा, एवढ्या थंडीत ती वीज बॅटरी गरम ठेवण्यातच जाते, सकाळी काटा जिथे होता जवळजवळ तिथेच. आणि अपार्टमेंटमध्ये राहणारा, रस्त्यावर गाडी लावणारा माणूस असेल तर मी सरळ सांगतो, इथे घेऊ नकोस. मंडळाच्या कार्यक्रमात दोघातिघांना सांगितलंय, एकाने तरीही घेतली, आता भेटला की विषय बदलतो.

बर्फात अडकलो तर गोठून मरू हा अजून एक मुद्दा त्या पत्रात होता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात आय-९५ हायवेवर गाड्या चोवीस तासांच्या वर अडकल्या होत्या, एक सिनेटर पण होते त्यात, तेव्हा हीच चर्चा झाली. उभ्या गाडीत नुसती ऊब टिकवायला एक-दोन किलोवॉट लागतात, थंडी किती त्यावर, म्हणजे ६० युनिटची बॅटरी भरलेली असेल तर एक दिवस सहज निघतो. पेट्रोलची गाडी पण निघेल, पण तिचा सायलेन्सर बर्फाने बुजला तर धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो, म्हणून मधूनमधून उतरून फावड्याने मागचा बर्फ काढावा लागतो. दोन्हीकडे खरा प्रश्न एकच, निघताना भरून निघालात का.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात, २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नवीन गाड्यांत ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, हे खरंय. पण तिथे सरकारने वर्षानुवर्षं टॅक्स माफ केला, चार्जर गावोगाव लावले, आणि ऑस्लोची थंडी म्हणजे जानेवारीत सरासरी शून्याच्या थोडी खाली, त्याला आम्ही स्वेटरचा दिवस म्हणतो. इकडे अल्बर्टा सरकारने उलट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला २०० डॉलर जादा टॅक्स लावलाय. असो.

लांबच्या प्रवासाचं माझं गणित आता ठरलंय, नोव्हेंबर ते मार्च एडमंटनला जायचं तर म्हातारी, उन्हाळ्यात डोंगर ओलांडून व्हँकुव्हरकडे जायचं तर इलेक्ट्रिक. वर्षातून चार खेपांसाठी रोजची गाडी ठरवायची नाही, तसं करायचं तर लग्नाच्या पंगतीच्या मापाने घरातला कुकर घ्यावा लागेल.

भावाला मी एवढंच लिहिलं की बाबा, नाशिकच्या थंडीत तुझी बॅटरी काही गारठणार नाही, तू मे महिन्यातल्या उन्हाचं विचार, आणि त्याच्याही आधी हे सांग की रात्री गाडी कुठे लावतोस. तर म्हणे पार्किंग आहे पण सोसायटी चार्जिंग पॉईंटला परवानगी देत नाही, चेअरमन म्हणतात आग लागेल, सेक्रेटरी म्हणतात मीटर कुठे बसवणार, आणि तिसरेच एक काका म्हणतात की त्याला दिला तर उद्या सगळेच मागतील. रविवारी मीटिंग आहे, आपल्या पेपरातलं ते पत्र चेअरमननी नोटीस बोर्डावर लावलंय म्हणे, म्हणून हेही छापाल तर बरं होईल, शनिवारच्या आत.

आपला,
एक निफाडकर, मुक्काम कॅलगरी