कर्करोगातून वाचलेल्याला विषाणूने गाठू नये

संपादक महोदय,

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मेहनतीतून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. टी-पेशींचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, उपचार आपल्याकडेही तयार होऊ शकतात, हे त्यातून दिसले. आता प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना जिवावर बेतणाऱ्या विषाणूंपासून वाचवणाऱ्या टी-पेशीही इथेच तयार व्हाव्यात, यासाठी हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाचे बोनमॅरो प्रत्यारोपण झाले. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आटोक्यात आला, पण पुढे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा तो सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूच्या रिपोर्टसाठी. हा विषाणू आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की फुप्फुस, आतडी, डोळे यांवर उठतो. गॅनसायक्लोव्हिर चालू केले की विषाणू उतरायचा, पण पांढऱ्या पेशीही उतरायच्या. दुसरे औषध फॉस्कारनेट, ते मूत्रपिंडाला जड. त्यातच बीके विषाणूमुळे लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या. रात्र रात्र कॅथेटरमधून सलाइन सोडून मूत्राशय धुवावे लागे. या विषाणूवर तर खात्रीचे औषधच नाही.

निरोगी दात्याच्या रक्तातून नेमका तो विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी मिळवून रुग्णाला देता येतात. त्यासाठी जनुकीय बदलही करावा लागत नाही. सिएटलच्या संशोधकांनी सीएमव्हीच्या बाबतीत हे १९९० च्या दशकातच करून दाखवले. ईबीव्ही (एपस्टीन-बार) विषाणूमुळे प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या आजारासाठी ‘टॅबेलेक्ल्युसेल’ या अशाच टी-पेशींच्या उपचाराला युरोपने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. सगळीकडेच यश आले असे नाही. ‘पोसोल्युसेल’ या अशाच दुसऱ्या उपचाराच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या २०२३ च्या अखेरीस थांबवाव्या लागल्या. शिवाय जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असेल तर या पेशी तग धरत नाहीत. त्यामुळे आपल्याकडेही हे काम रीतसर चाचण्यांतूनच व्हायला हवे.

मात्र रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर पेशी वाढवायला घेतल्या तर आठवडे निघून जातात. त्या आधीच गोठवून ठेवलेल्या हव्यात आणि रुग्णाशी त्यांचे एचएलए (पेशींवरील ओळखखुणा) काही प्रमाणात तरी जुळायला हवे. परदेशी दात्यांच्या पेशींवर आपण किती विसंबणार? अशा गोठवलेल्या पेशींची पेढी इथल्याच दात्यांची हवी. रक्तदान शिबिरांची महाराष्ट्रात वानवा नाही. नियमित रक्तदात्यांपैकी तयार असणाऱ्यांची एचएलए तपासणी करून सुरुवात करता येईल. राज्याच्या आरोग्य खात्याने टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्थेला सोबत घेऊन ही पेढी उभारावी, आणि उपचार सिद्ध झाल्यावर त्याचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घ्यावा, अशी विनंती आहे.

— एका रुग्णाची बहीण, डोंबिवली