संशोधन धोरणात तारीखही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संशोधन व विकासासाठीच्या केंद्राच्या एक लाख कोटी रुपयांच्या योजनेवर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. एका राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मी ३१ वर्षे शिकवले, ११ जणांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केले. आपल्या संशोधन धोरणांत रक्कम लिहिलेली असते, पण ती प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचेल हे कुठेच लिहिलेले नसते. काम अडते ते तिथेच, आणि त्यासाठीच हे पत्र.

माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीचा विषय होता कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची ही वेल बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्या बियांत आणि कंदात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. गाऊटच्या (एक प्रकारचा संधिवात) औषधात ते वापरतात. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या वेलींमध्ये त्याचे प्रमाण किती कमीजास्त आहे, हे तिला मोजायचे होते. प्रकल्प मंजूर झाल्याचे पत्र जूनमध्ये आले. त्या भरवशावर दिवाळीनंतर तिने एसटीने पाच तालुके फिरून बिया गोळा केल्या, अर्क काढले. कोल्चिसीन उजेडात टिकत नाही, म्हणून एकेका बाटलीला फॉइल गुंडाळून ती फ्रीजमध्ये ठेवली. आता मोजणीसाठी एचपीएलसी यंत्राचा सी-१८ कॉलम, म्हणजे अर्कातली द्रव्ये वेगळी करणारी नळी, हवा होता. विभागातला जुना कॉलम कामातून गेलेला.

प्रकल्पाचा पहिला हप्ता आला मार्चच्या पहिल्या आठवड्यात. सोबत सूचना : ३१ मार्चपर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामी खर्चल्याचा दाखला) पाठवा. तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक, वित्त विभागाची सही, एवढ्यालाच आमच्याकडे दीड महिना जातो. पैसे वेळेत खर्ची पडले नाहीत, परत गेले. नव्या आर्थिक वर्षात पुन्हा पत्रव्यवहार झाला आणि कॉलम हातात पडला जुलैच्या अखेरीस. आठ महिने पडून राहिलेल्या अर्काचे आकडे परीक्षकांपुढे ठेवता येत नाहीत. बिया पुन्हा गोळा करायच्या, तर त्या पिकेपर्यंत पुन्हा दिवाळीची वाट पाहायची. एका कॉलमपायी मुलीचे अख्खे वर्ष गेले. त्याच काळात तिची शिष्यवृत्ती सात महिने थकली होती. २०२३ च्या जानेवारीपासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली, त्याचा आम्हा सगळ्यांना आनंदच झाला होता. पण ते पैसे खात्यात येईपर्यंत ती संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या घेऊन मेसचे बिल भरत होती. प्रबंध तिने पूर्ण केला. आज ती एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहे, संशोधनाकडे परत यायचे नाही म्हणते. तिला मी दोष देऊ शकत नाही.

स्वतंत्र भारताने पहिला विज्ञान धोरण ठराव मार्च १९५८ मध्ये केला. पंडित नेहरूंच्या काळातला हा ठराव जेमतेम दोन-तीन पानांचा, पण त्यात दोन गोष्टी स्वच्छ आहेत : वैज्ञानिकांना कामासाठी चांगली परिस्थिती आणि मानाचे स्थान द्यायचे, आणि धोरण ठरवताना त्यांना सोबत घ्यायचे. पुढे १९८३, २००३ आणि २०१३ मध्ये नवी धोरणे आली. २०१३ च्या धोरणाने संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२०-२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता. चीन तेव्हाच २.४ टक्क्यांवर पोहोचला होता आणि दक्षिण कोरिया त्याच्या जवळपास दुप्पट खर्च करत होता. आपल्याकडे खासगी उद्योग संशोधनात पुरेसा पैसा घालत नाहीत हे खरेच आहे, एकूण खर्चात त्यांचा वाटा सुमारे ३६ टक्के. त्यावरचे उपाय तज्ज्ञांनी सांगावेत.

२०२० च्या डिसेंबरअखेर पाचव्या धोरणाचा मसुदा लोकांपुढे आला, सूचना मागवल्या गेल्या. मीही एक पान लिहून पाठवले होते. हप्ते वेळेवर मिळावेत एवढेच त्यात होते. तो मसुदा अंतिम झालाच नाही. त्याऐवजी २०२३ मध्ये संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, आणि तेच काम करणारे जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ या प्रतिष्ठानात विलीन झाले. प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये ठरले, पण त्यातले सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणग्या अशा सरकारबाहेरच्या स्रोतांतून यायचे आहेत. जुन्या मंडळाचा जवळपास ६५ टक्के निधी आयआयटींकडे आणि केवळ ११ टक्के राज्य विद्यापीठांकडे जात होता, हे तेव्हा सरकारनेच सांगितले. देशातली बहुतेक मुले शिकतात ती राज्य विद्यापीठांत आणि त्यांना जोडलेल्या महाविद्यालयांत. हा असमतोल उघडपणे मान्य झाला याचे मला फार समाधान वाटले. आता तो वाटा किती बदलला, याचा हिशेब दरवर्षी मिळायला हवा.

ज्या योजनेवर आपण लिहिले, ती एक लाख कोटींची योजना २०२५ च्या जुलैत मंत्रिमंडळाने मंजूर केली. ती चांगलीच आहे. मात्र तिचा भर दीर्घ मुदतीच्या, अल्प किंवा शून्य व्याजाच्या कर्जांवर आहे, आणि तीही जे तंत्रज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध होऊन पुढच्या पायरीवर गेले आहे त्यासाठी. कळलावीच्या बिया हातात घेऊन बसलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही. मथळ्यातला आकडा वाचून ‘आता पैशांची काय कमी?’ असे लोक मला रस्त्यात विचारतात, म्हणून हे स्पष्ट करणे गरजेचे वाटले.

नियम बदलता येतात, हेही आपण पाहिले आहे. २०२५ च्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने केंद्रीय संशोधन संस्थांच्या संचालकांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरून उपकरणे घेण्याची मुभा दिली. कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर, खरेदी समितीमार्फतची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली. वैज्ञानिक अनेक वर्षे हेच मागत होते. एका परिपत्रकाने जे साधले, ते जाडजूड धोरणांनी साधले नव्हते. पण राज्य विद्यापीठांना राज्याचे खरेदी नियम लागू असतात, तिथे ही सवलत आपोआप येत नाही. महाराष्ट्र सरकारने तसाच आदेश काढावा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी केंद्राकडे. तीन वर्षांच्या प्रकल्पाला तीन वर्षे खर्चता येईल असा निधी द्या. ३१ मार्चला शिल्लक शून्य करण्याचा नियम रस्त्याच्या कंत्राटाला चालत असेल, वनस्पतीच्या हंगामाला चालत नाही. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीची तारीख व पैसे पोहोचल्याची तारीख, दोन्ही संकेतस्थळावर शेजारी-शेजारी लावा. शिष्यवृत्तीचेही तसेच. मोठ्या प्रकल्पांनाही हे लागू व्हावे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१६ मध्ये, आणि २,६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षे कोणत्या टेबलावर गेली, हे मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कळायला हवे होते.

शेवटची विनंती आपल्याला. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो तेव्हा सगळी वृत्तपत्रे विज्ञान खात्यांची नवी तरतूद छापतात. त्याच कागदपत्रांत गेल्या वर्षीच्या तरतुदीचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च यांचेही रकाने असतात. यंदा ते तिन्ही आकडे आपण एकत्र छापावेत.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक