फार्मसीच्या मुलांची परीक्षा काउंटरवरही घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. डी.फार्म.ची (फार्मसी पदविकेची) मुलं प्रशिक्षणासाठी दुकानात येतात. हुशार असतात, पाठांतरही चोख असतं. पण त्यांना औषध देता येतं का, हे तपासलेलंच नसतं.

मागच्या आठवड्यात एक बाई बाळासाठी अँटिबायोटिकचं ड्राय सिरप, म्हणजे पाणी घालून तयार करायची पूड, घ्यायला आली. "दादा, पाणी कितीक टाकाचं यात?" विद्यार्थी म्हणाला, "बाटली भरेपर्यंत." मी थांबवलं. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचं, हलवायचं, पातळी खाली बसली तर पुन्हा खुणेपर्यंत आणायची, आणि डोस देताना दरवेळी हलवायचं. पाणी जास्त पडलं तर प्रत्येक चमच्यात औषध कमी जातं आणि बाळाचा ताप हटत नाही. याच मुलाने अमॉक्सिसिलिन जिवाणूंची पेशीभित्तिका कशी बनू देत नाही, हे मला न अडखळता सांगितलं होतं. दोष त्याचा नाही. हे त्याला कुठल्याच परीक्षेत करून दाखवावं लागलं नव्हतं.

नियमात कमतरता आहे असंही नाही. फार्मसी कौन्सिलच्या 2020 च्या अभ्यासक्रमात रुग्णाला समजावून सांगणं आहे. 500 तासांचं प्रशिक्षण आहे, त्यातले 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्याचे. पण दुकानात पाऊल न ठेवता तासांच्या कागदावर सही-शिक्का मिळतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 2022 च्या नियमांनी एक्झिट परीक्षा, म्हणजे पदविकेनंतर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीआधी द्यायची परीक्षा, आली, ते बरंच झालं. पण तिचे तिन्ही पेपर बहुपर्यायी. इनहेलर हलवायचा, श्वास सोडायचा, मग हळू आत ओढतानाच दाबायचा आणि श्वास रोखायचा, हे पर्यायावर खूण करून कसं कळणार?

माझी मागणी अशी. प्रशिक्षण संपलं की बाहेरच्या परीक्षकासमोर प्रत्येक मुलाला चार-पाच टेबलांवर बसवा. एका टेबलावर ड्राय सिरप, दुसऱ्यावर इनहेलर, तिसऱ्यावर शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ज्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्यांचं, रजिस्टर. एका टेबलावर इन्सुलिन ठेवा आणि रुग्ण होऊन बसलेल्या माणसाने वऱ्हाडीतच विचारावं, "घरी फ्रिज नाही, उन्हाळ्यात हे ठेवू कुठं?" मातीच्या गार भांड्यात, पाणी लागू न देता ठेवा, आणि फ्रीजरमध्ये कधीच नको, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. मेळघाटात हाच प्रश्न कोरकूत येईल, तिथली तयारी तशी हवी. काय सांगितलं, काय राहिलं, हे परीक्षकाने छापील यादीवर नोंदवायचं. वैद्यकीय कॉलेजांत अशा परीक्षा होतातच.

तंत्रशिक्षण मंडळाने सुरुवातीला विदर्भातल्या काही कॉलेजांत हे करून पाहावं. तासांच्या कागदावर सही करणारा दुकानदारही त्या दिवशी परीक्षकासमोर हजर असावा. मला बोलावलं तर दुकान बंद ठेवून येईन.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
जि. यवतमाळ