गोळी बदलली तेव्हा पाठीशी उभ्या राहिलेल्या मावशींना

ती. मावशींना,
सा. न.

असं चारचौघांत आभार मानलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही. लेकीला विचारूनच लिहायला बसले. ती म्हणाली, "लिही, पण माझंही नाव नको." बडोद्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या ज्या घरात एखादं पोर नैराश्यावरच्या गोळ्या घेत असेल, त्या घरापर्यंत तुम्ही आमच्यासाठी केलेलं पोहोचावं, एवढीच इच्छा आहे.

नववीत गेल्यापासून लेक मिटत गेली होती. चित्रं सुटली, मैत्रिणी सुटल्या, पुढे शाळाही. डॉक्टरांनी आधी फ्लुओक्सेटिन दिलं. पुरेसा वेळ देऊनही हवा तसा फरक दिसेना, तेव्हा ते थांबवून एस्सिटालोप्राम सुरू केलं. डोस वाढवला आणि पाठोपाठ नवरात्र आलं. आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर न आलेली मुलगी एकदम म्हणाली, "मला चनिया-चोळी हवी, मी रोज गरब्याला जाणार." घरात आनंदीआनंद! सासूबाईंनी देवीला साखर ठेवली. बडोद्याचं नवरात्र माणसाला उठवतंच, असं ज्याला त्याला सांगत होतो आम्ही.

वाड्यातल्या भोंडल्याला तुम्ही आलात ते आठवतं. खिरापत ओळखताना लेक कुणाला बोलूच देत नव्हती, एकामागून एक पदार्थांची नावं घेत सुटली होती. पोरी हसत होत्या, मीही हसत होते. तुम्ही मात्र तिच्या पायांकडे बघत होतात. ती बसायची, उठायची, पुन्हा बसायची, आणि बसल्यावरही पाय हलायचे थांबत नव्हते. मला बाजूला घेऊन तुम्ही विचारलंत, "गोळी कधी बदलली? आणि रात्री झोपते का?"

झोपत नव्हती. गरब्याहून आल्यावर पहाटेपर्यंत येरझाऱ्या चालायच्या. आम्ही ते जागरणावर ढकललं होतं. सकाळी तीच पोर क्षुल्लक कारणावरून धाकट्याच्या अंगावर धावून जायची, मग रडायची, मग काही झालंच नाही अशी बोलायची. तुम्ही कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात वर्षानुवर्षं नर्स होतात, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अनुभवाचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. तुमचा पुढचा प्रश्न असा होता: "झोप नको वाटते आणि तरी अंगात जोर आहे, की झोपावंसं वाटतं पण आतली तगमग झोपू देत नाही?" या दोन्हींत फरक आहे, आणि तो डॉक्टरांना कळणं फार गरजेचं आहे, हे तुम्ही समजावलंत. पहिलं असेल तर उन्मादाचा, म्हणजे मन आणि अंगातला जोर वाजवीपेक्षा चढत जाण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. म्हणूनच घरात, नात्यात कुणाला तसा आजार होता का, तेही विचारलंत. दुसरं असेल तर या गटातल्या गोळ्यांनी, विशेषतः सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर, मुलांमध्ये होणारी अस्वस्थता असू शकते. आणि फ्लुओक्सेटिन बंद केलं तरी अंगातून पुरतं जायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा आज जे दिसतंय ते नेमकं कशाचं हे घरबसल्या ठरवायचं नाही, असंही बजावलंत.

आता घरातलं सांगते. घरात दोन तट पडले होते. एकीकडे "वयच तसं आहे, होईल शांत" आणि दुसरीकडे "आजच्या आज त्या गोळ्या फेकून द्या." पुण्याहून माझ्या भावाने मोबाइलवर एक बातमी पाठवली, की अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने या गोळ्यांवर मुलांसाठी काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावलाय. ते वाचून माझे हातपाय गळाले. तुम्ही ती बातमी खोटी म्हणाला नाहीत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. इशारा २००४ सालचा आहे आणि खराच आहे, म्हणालात. २४ चाचण्यांतल्या ४,४०० हून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा गोळी घेणाऱ्या शंभरांत साधारण चौघांमध्ये आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या शंभरांत दोघांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने जीव दिला नाही. मग तुम्ही म्हणालात, "इशारा लक्ष ठेवा म्हणून आहे. गोळी मनाने तोडलीत तर चक्कर, चिडचिड वाढेल, आणि मूळचं दुखणं उलटेल ते वेगळंच. डॉक्टरांना आत्ता फोन करा. पुढच्या तारखेची वाट बघू नका."

फोन लागेपर्यंत तुम्ही लेकीपाशी बसलात आणि मी ऐकत असतानाच तिला सरळ विचारलंत, "मरून जावं, स्वतःला काही करावं, असं मनात येतं का गं?" माझ्या पोटात खड्डा पडला. असं विचारलं की पोरांच्या डोक्यात नसलेलं भरतं, असंच आम्ही ऐकत आलो होतो. विचारल्याने तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. लेक गप्प राहिली, आणि मग म्हणाली की दोनदा आलं होतं, पण करायचं नव्हतं. आत काहीतरी सारखं धावतंय, ते थांबावं एवढंच वाटत होतं. महिनोन् महिने मला न सांगितलेलं तिने तुम्हाला सांगितलं. तेही जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घातलं. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजोबांच्या रक्तदाबाच्यासुद्धा, त्याच रात्री कुलपात गेल्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर तुमच्या अक्षरात आमच्या फ्रिजवर लागला. रात्री-अपरात्री फोन करता येतो म्हणून.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं, तपासलं. उन्माद नाही म्हणाले. डोस निम्म्यावर आणला आणि पुढे अगदी हळूहळू वाढवायचं ठरवलं. गरबा बंद केला नाही, पण रात्री दहाला घरी.

आणि ती वही! तुम्ही शंभर पानी वही आणायला लावलीत आणि पहिलं पान स्वतः आखून दिलंत: गोळी किती वाजता, झोप किती ते किती, जेवण, आणि शेवटी "काय घडलं". मी पहिल्या दिवशी लिहिलं, "फार चिडली." तुम्ही ते खोडलंत. "चिडली म्हणजे काय केलं ते लिही." मग मी लिहायला लागले: ताट सरकवलं, उठून गेली, दहा मिनिटांनी येऊन आमटी-भात खाल्ला. असं लिहिताना माझं मलाच दिसू लागलं की संध्याकाळ सकाळपेक्षा जड जाते, आणि डोस कमी केल्यावर पायांची हालचाल आधी थांबली, झोप नंतर आली. डॉक्टर ती वही पानन् पान वाचतात. तुम्ही आणखी एक नियम घातला होतात, की वही लपवून लिहायची नाही, लेकीला वाचू द्यायची. आता शेवटचा रकाना बहुतेक तीच भरते, आणि माझं चुकलेलं दुरुस्तही करते!

समुपदेशनही सुरू झालं. त्याबद्दल आम्ही कुरकुरत होतो, तेव्हा डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास सांगितला. पहिल्या गोळीने बरं न वाटलेल्या ३३४ किशोरवयीन मुलांपैकी ज्यांची नुसती गोळी बदलली त्यांच्यात शंभरांत सुमारे ४१ सुधारली, आणि बदललेल्या गोळीच्या जोडीला विचार-वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, मिळालेल्यांत सुमारे ५५. तेव्हापासून दर शनिवारी आमची रिक्षा रावपुऱ्याकडे वळते.

लेक पूर्ण बरी झाली असं लिहिणार नाही. अधूनमधून पडून राहते. पण शाळेत जाते, भांडली तर भांडणाचं कारण सांगते, आणि सुरसागर तलावाचं एक चित्र अर्धं झालंय. तुम्हाला काय सांगू, विचारलं तर म्हणाली, "मावशींनी माझ्याबद्दल आईला विचारलं नाही, मला विचारलं. तेवढं लिही." लिहिलं.

बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायची आहे, आणि थांबवतानाही हळूहळू. त्या वेळी वही पुन्हा रोजची होईल आणि मी पुन्हा तुमचं दार वाजवेन, हे आत्ताच सांगून ठेवते. तुमचे उपकार फार मोठे आहेत, मावशी. आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला नमस्कार.

तुमचीच,
वाड्यातली, मागच्या जिन्यावरची