बाळाच्या तुटलेल्या दाताविषयी दादा-वहिनींना पत्र

मँचेस्टर

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

फुटबॉल खेळताना चि. बाळाच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला आणि तुम्ही त्याला त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे नेलेत, हे ऐकून जीव भांड्यात पडला. मात्र फोनवर आईने विचारले, की दुखत नव्हते तर एवढी घाई कशासाठी, आणि दात दुधाचा असेल तर पडून नवा येईलच ना? घरात आणखीही लहान मुले आहेत आणि मी येथे रोज मुलांच्याच दातांवर उपचार करते. म्हणून सर्वांना वाचता येईल असे सविस्तर लिहीत आहे.

बाळ आता आठ वर्षांचा आहे. वरचे मधले दोन पक्के दात साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि ते जन्मभरासाठी असतात. नवा पक्का दात दुधाच्या दाताहून रुंद आणि किंचित पिवळसर असतो, तसेच त्याची कड करवतीसारखी दिसते. त्यावरून तो आईलाही ओळखता येईल. परंतु दात हिरडीबाहेर दिसू लागला म्हणजे तो पुरा झाला असे नाही. त्याचे मूळ पूर्ण व्हायला पुढे सुमारे तीन वर्षे लागतात, तोवर मुळाचे टोक उघडे आणि त्याच्या भिंती पातळ असतात, आणि ही सारी वाढ दाताच्या आतला जिवंत गर, ज्याला आपण नस म्हणतो, तो करीत असतो. जंतू आत शिरून तो गर मेला, तर मुळाची वाढ तेथेच थांबते आणि दात कायमचा कमकुवत राहतो. त्यामुळे मुलाला दुखते की नाही एवढ्यावरून डॉक्टरांकडे जायचे की नाही हे ठरवणे मला धोक्याचे वाटते. नस मरत असताना पुष्कळदा अजिबात दुखत नाही.

फक्त वरचे पांढरे कवच उडाले असेल, तर कड टोचण्यापलीकडे फारसा त्रास होत नाही. आतला पिवळसर थर उघडा पडला, तर गार पाण्याने झिणझिण्या येतात आणि तो थर लवकर झाकावा लागतो. तुटलेल्या जागी मध्यभागी लाल ठिपका दिसला, तर नस उघडी पडली आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लहान वयात नसेचा वरचा थोडा भाग काढून, औषध लावून उरलेली नस वाचवता येते. लवकर गेल्यास हे सहज साधते.

असा प्रसंग आला तर दाताआधी डोक्याकडे पाहा. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले असेल, ओकारी करीत असेल किंवा गुंगीत असेल, तर थेट कोल्हापूरच्या सी.पी.आर. (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तसे काही नसेल, तर साध्या पाण्याने चूळ भरायला लावा, रक्त येत असल्यास स्वच्छ कापड दहा मिनिटे दाबून धरा आणि ओठावर बाहेरून गार पाण्याची घडी ठेवा. मग तुटलेला तुकडा शोधा. तो वाळू न देता दुधात ठेवून सोबत न्यावा, कारण पुष्कळदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो आणि तो दाताशी जसा जुळतो तसे दुसरे काही जुळत नाही. आपल्या कोल्हापुरात दुधाची काय कमतरता! तुकडा सापडला नाही, तर तो ओठात रुतला आहे का हे डॉक्टरांना मुद्दाम पाहायला सांगा, आणि मुलाला खोकला लागला असेल किंवा धाप लागत असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता धरून लगेच रुग्णालयात जा.

आईला एक विनंती आहे. लवंगेचे तेल लावू नये. त्याने हिरडी आणि ओठ पोळतात, शिवाय तुटलेला भाग भरायला डॉक्टर दाताच्या रंगाचे जे कंपोझिट नावाचे मिश्रण बसवतात, ते त्या तेलाच्या अंशामुळे नीट घट्ट होत नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी तर मुलांना मुळीच देऊ नये. वेदना असल्यास पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे.

पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर मात्र एकेक मिनिट मोलाचे असते. तो मुळाला हात न लावता, तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाने धरावा, मळला असल्यास थोड्या पाण्याखाली क्षणभर धुवावा, जमल्यास लगेच खोबणीत बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, त्याने हिरडीच्या आत वाढत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

बाळाला आता काही दिवस मऊ भात, खिचडी, कुस्करलेली भाकरी द्या आणि तिखट तांबडा रस्सा व भडंग थोडे लांबच ठेवा. ऊस दातांनी सोलणे तर पुढेही बंदच ठेवावे, कारण जोडलेला भाग अशा ओढीने निघतो. दात मऊ ब्रशने रोज घासलेच पाहिजेत. तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा वर्षाने करून घ्या, आणि दोन्ही वेळा एक्स-रे काढायला सांगा. मधल्या काळात दात करडा दिसू लागला, हिरडीवर पुळी आली किंवा दात हलू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

येथे रग्बी आणि हॉकी खेळणारी मुले दातांवर माउथगार्ड घालून उतरतात. पेठांमधून फुटबॉलचे एवढे वेड असलेल्या आपल्या गावात ही सवय लहानपणीच लागावी, असे मला मनापासून वाटते. बाळाचे पुढचे दात जरा बाहेर आलेले आहेत आणि अशा दातांना मार लवकर लागतो, म्हणून पुढच्या तपासणीला दात सरळ करण्याविषयीही विचारा. त्याचा खेळ मात्र बंद करू नका.

पहिला एक्स-रे मला पाठवा, म्हणजे पुढच्याशी ताडून पाहता येईल. आई-बाबांना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण